चालू धक्क्याखाली डाइव्ह करायचीय? आधी परतीचं बघा

स्कूबा डाइव्हिंगचं पहिलं, म्हणजे ओपन वॉटरचं कार्ड हातात आलं, मालवणला दोन-चार बोट डाइव्ह झाल्या, की कुणीतरी जेटीखालचे व्हिडिओ दाखवतं. खांबांना चिकटलेले स्पंज, सावलीत थांबलेले माशांचे थवे, वर किनाऱ्यावरून चालत उतरायचं म्हणजे बोटीचे पैसेही वाचले. मोह होतोच, मलाही होतो. पण ज्या धक्क्याला बोटी लागतायत तिथं उतरणं ही साधी शोअर डाइव्ह नाही, आणि सोलापूरच्या माणसाला हे जरा जास्तच सांगावं लागतं.

कारण आपण पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला डबा बांधून. दम लागला की वर यायचं, हे अंगात मुरलेलं. मला ती सवय मोडताना फार त्रास झाला, अजूनही दडपण आलं की मान आधी वरच जाते. धक्क्याच्या कडेला वर आलात तर डोक्यावर बोटीचा पंखा असू शकतो. आत खांबांमध्ये वर आलात तर लाट उचलून खांबावर आपटते, आणि तिथले बार्नेकल, म्हणजे खांबाला चिकटलेले धारदार कवचाचे जीव, हातमोजासुद्धा फाडतात. म्हणजे जिथून उतरलो तिथंच पाण्याखालूनच परत यायचं.

आता हवेचं, नीट वाचा. बरेच जण म्हणतात अर्धी टाकी झाली की वळू. नाही! २०० बार (टाकीतल्या हवेचा दाब) घेऊन उतरलात तर ५० बाजूला ठेवायचे, त्याला हातच लावायचा नाही. उरले १५०, त्याचे तीन भाग, ५० जायला, ५० यायला आणि ५० बडीसाठी, म्हणजे सोबतच्या जोडीदारासाठी, किंवा मासेमारीच्या तंगूसाच्या दोऱ्यात पाय अडकला तर (लाइन कटर हाताला येईल असाच लावा, पायाला बांधलेला ऐनवेळी सापडत नाही). म्हणजे गेजवर १५० दिसले की वळायचं, समोर कितीही भारी काय दिसत असू दे. आणि जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं. प्रवाहासोबत गेलं की मजेत पुढं सरकतो, हवा जातच नाहीये असं वाटतं, मग वळल्यावर तेच अंतर कापायला दुप्पट दम लागतो, १० मीटरवर तर तोच श्वास वरच्यापेक्षा दुप्पट हवा खातो, आणि वर यायची सोय नाही. एवढं एक जरी पाळलं तरी निम्मी भीती जाते, खरंच सांगतो.

दिवस निवडताना उधाण टाळा, भांग म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस धरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जोरात धावतं, अष्टमीनंतर एखाद-दोन दिवसांनी सगळ्यात शांत. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, घरात असतंच, तिथी बघून अंदाज घ्या पण नेमक्या वेळा टाइड टेबलमधूनच, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकातूनच. आणि भरतीची वेळ म्हणजे पाणी थांबायची वेळ असं धरू नका, काही ठिकाणी दोन्हीत चांगलाच फरक पडतो. तो फरक तिथल्या होडीवाल्याला माहीत असतो. माझं मत विचाराल तर ज्या इन्स्ट्रक्टरनं आयुष्यात एकही डाइव्ह कॅन्सल केली नाही त्याच्यामागं जाऊ नका, त्यापेक्षा किनाऱ्यावरचा म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, बरा.

परवानगी हा विषयच वेगळा. महाराष्ट्रातली छोटी बंदरं मेरीटाईम बोर्डाकडं आहेत, तिथल्या बंदर ऑफिसात विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. नाही म्हणाले तर नाही. ऑस्ट्रेलियात एक्समाउथच्या नेव्ही पिअरखाली जगभरातून लोक येतात, तिथंसुद्धा परवानावाल्या ऑपरेटरसोबतच उतरता येतं. हो म्हणाले तर त्या दिवशी कुठली बोट किती वाजता लागणार ते विचारून घ्या, वर धक्क्यावर एक माणूस उभा करा, निळा-पांढरा अल्फा झेंडा लावा. बोटींची गर्दी वाढली तर वरचा माणूस खाली इशारा कसा देणार हे आधीच ठरवा.

आणि घरी यायचं, पण डाइव्हनंतर लगेच उंचावर जाणं धोक्याचं. वाटेतला आंबोली घाट ७०० मीटरच्या आसपास, सोलापूर स्वतः साडेचारशेच्या वर. डाइव्हनंतर ६०० मीटरच्या वर जायचं तर डॅनवाले (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डाइव्हरच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था) एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त डाइव्ह झाल्या तर १८ तास थांबायला सांगतात, ते विमानासाठी असलं तरी उंची ती उंचीच. त्यामुळं रविवारी सकाळी डाइव्ह करून दुपारीच घाट चढायचा प्लॅन करू नका. शनिवारी सकाळी उतरा, मुक्काम करा, रविवारी जेवून निघा, सोमवारी ड्युटीवर हजर.