स्पाइक खरंच जुळून येतात का? हजारो सरोगेट न बनवता तपासा

दोन न्यूरॉन एकाच मिलिसेकंदाला स्पाइक (क्षणिक विद्युत स्पंद) देताना दिसले की त्यांचं काहीतरी नातं आहे असं वाटतंच. मलाही वाटलं. ट्रायल (प्रयोगाच्या फेऱ्या) शफल करून, म्हणजे एका न्यूरॉनच्या फेऱ्यांचा क्रम बदलून, चाचणी घेतली, तर जवळजवळ प्रत्येक जोडी सिंक्रोनस निघाली! नंतर कळलं, काही ट्रायलमध्ये दोघांचाही फायरिंग रेट (सेकंदाला किती स्पाइक) बरोबरच चढत होता आणि शफल करताना मी नेमकी तीच सोबत तोडत होतो. तपासायला गेलो वेळ, तपासला रेट.

तेव्हापासून मी इंटरव्हल जिटर वापरतो. रेकॉर्डिंगचे 20 मिलिसेकंदांचे ठरावीक तुकडे पाडा. पहिल्या न्यूरॉनचा स्पाइक आपल्या तुकड्यात कुठेही पडू शकला असता, हे शून्य गृहीतक, म्हणजे ‘नातं नाही’ हे चाचणीचं गृहीत. दुसऱ्याला हात लावू नका. तुकडे स्पाइकभोवती आखू नका; मग पी-मूल्यावर (नातं नसतानाही इतकी जुळणी दिसण्याची संभाव्यता) भरवसा ठेवता येत नाही.

आता गणनेच्या खर्चाचं बघू. नेहमीची रीत म्हणजे स्पाइक असे यादृच्छिक हलवून सरोगेट, म्हणजे बनावट नोंदी, काढायच्या आणि खऱ्या नोंदीशी ताडून बघायच्या. 100 न्यूरॉनच्या 4950 जोड्या होतात. अनेक चाचण्या एकदम घेतल्यावर लावायच्या बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्तीत 0.05 पातळीला पहिली पायरी, म्हणजे सगळ्यात लहान पी-मूल्याची मर्यादा, साधारण 0.00001 ची. 999 सरोगेटमधून 0.001 च्या खाली पी-मूल्य मिळूच शकत नाही. लाखभर सरोगेट, तेही प्रत्येक जोडीला? गरजच नाही.

एक स्पाइक घ्या. त्याच्या तुकड्यात 1 मिलिसेकंदाचे 20 बिन (कप्पे) आहेत. दुसऱ्या न्यूरॉनचे स्पाइक 6 आणि 14 क्रमांकाच्या बिनमध्ये. एक बिन मागेपुढे चालवून घेतला तर 5, 6, 7 आणि 13, 14, 15 हे सहा बिन जुळणीचे. संभाव्यता 6/20, म्हणजे 0.3. शेजारच्या तुकड्यातला काठावरचा स्पाइक मोजायला विसरू नका, मी विसरलो होतो. पुढच्या स्पाइकची संभाव्यता 0.1 असेल, तर एकही जुळणी नसण्याची 0.63, एक जुळण्याची 0.34, दोन्ही जुळण्याची 0.03. असंच एकेक स्पाइक कन्व्हॉल्व्ह करत, म्हणजे आधीच्या संभाव्यतांमध्ये मिसळत जा. शेवटी प्रत्यक्ष मोजलेल्या जुळण्या किंवा त्याहून जास्त, इतक्या शेपटाची बेरीज केली की पी-मूल्य हातात, तेही नेमकं.

बर्स्ट (स्पाइकची झटपट रांग) देणाऱ्या न्यूरॉनला मात्र हे लावू नका. तिथे स्पाइक एकमेकांपासून स्वतंत्र हलवले तर रिफ्रॅक्टरी काळ (एका स्पाइकनंतरची सक्तीची विश्रांती) मोडतो. स्पाइकमधली अंतरं सांभाळणारं पॅटर्न जिटर घ्या आणि सरोगेट काढा, पण बेसाग आणि क्लिफर्ड यांच्या 1991 च्या नियमाने: मूळ आकड्याला गाठणारे 10 सरोगेट झाले की थांबा, 10 ला एकूण काढलेल्या सरोगेटने भागा. फोल जोड्या विसेक सरोगेटमध्येच बाद होतात.