ठेकेदारानं बसवलेलं कुंपण बिघडलं? दुरुस्तीआधी या चुका टाळा

नागपुरात बागेचं कुंपण बहुतेक जण उन्हाळ्यात घालून घेतात आणि त्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. शहराभोवतीच्या बऱ्याच नव्या लेआउटमध्ये काळी माती आहे. मे महिन्यात तिला भेगा पडतात, जुलैत ती पाणी पिऊन फुगते. अशा जमिनीत खड्डे उथळ घेतले असतील, तर दिवाळीच्या आत खांब कलतात, जाळीला पोट येतं आणि खालच्या फटीतून डुकरं थेट वाफ्यात शिरतात.

मग ठेकेदाराला फोन जातो. तो म्हणतो, ‘होऊन जाईल न भाऊ, माणूस पाठवतो.’ माणूस येतो, कललेल्या खांबाच्या बुडाशी दोन घमेली सिमेंटचा मसाला ओततो, ढिल्या जाळीला बांधणीच्या तारेचा पीळ मारतो, गंजावर चंदेरी रंग फिरवतो आणि निघून जातो. पुढच्या पावसात पुन्हा तेच. आता मात्र मूळ काम कसं झालं होतं हे दाखवायला काहीच उरलेलं नसतं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच: दोष कशाचा आहे हे ठरायच्या आधी कुंपणाला हात लावू देणं.

मोजमाप न घेता भांडणं

‘माल हलका लावला’ या वाक्याला काही वजन नाही. ‘कोटेशनमध्ये 10 गेज लिहिलंय, तार 2.6 मिलिमीटर भरतेय’ या वाक्याला आहे. गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आणि त्याचा आकडा वाढला की तार बारीक होते: 8 गेज म्हणजे सुमारे 4 मिलिमीटर, 10 गेज 3.25 आणि 12 गेज 2.64. 10 आणि 12 यांतला फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. पण वजन जाडीच्या वर्गाच्या (जाडी गुणिले जाडी) प्रमाणात बदलतं, म्हणून त्याच लांबीच्या 12 गेज तारेत जवळजवळ एक तृतीयांश लोखंड कमी असतं. तुम्ही पैसे मात्र पूर्ण जाडीचे मोजलेले असतात. हार्डवेअरच्या दुकानातून व्हर्नियर कॅलिपर आणा, वेगवेगळ्या ठिकाणी तार मोजा आणि कॅलिपरवरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. हिरव्या प्लास्टिकचं आवरण असलेल्या जाळीत इथेच फसगत होते. वरून मोजलं की आवरणासकट जाडी मिळते. कापलेल्या टोकापाशी थोडं आवरण सोलून आतली तार मोजा.

खांबांचंही तसंच. ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडून खांब किती कललाय ते टेपसकट टिपून घ्या. मग एका कललेल्या खांबाच्या बाजूची माती हळूच उकरा, काँक्रीट न फोडता. हे शक्यतो ठेकेदाराच्या समोर करा. तो येत नसेल तर तारीख-वेळ आधी लेखी कळवा आणि शेजारच्या एखाद्या काकांना उभं करा. पाच फुटी कुंपणाचा खांब निदान दोन फूट जमिनीत हवा आणि काळ्या मातीत त्याहून खोल. उकरल्यावर बरेचदा दिसतं ते असं: वर जाड टोपी, खाली वीतभर काँक्रीट, त्याखाली अँगल (खांबाची लोखंडी पट्टी) नुसताच मातीत खुपसलेला. मुरूम टाकून उंच केलेल्या प्लॉटवर तर सगळा खांब त्या भरावातच उभा असतो, मूळ जमिनीला टेकलेलाच नसतो. हा एक फोटो पन्नास फोनांचं काम करतो.

लक्षण एक, कारण दुसरं

कोपऱ्याचा किंवा गेटचा खांब आत झुकला असेल तर मातीला दोष देऊ नका. जाळीचा सगळा ताण तिथे येतो, त्यासाठी तिरपे टेके लागतात आणि ठेकेदारानं ते गाळलेले असतात. मधलेच खांब, तेही कुणी इकडे कुणी तिकडे, असे डुलत असतील तर खड्डे उथळ आहेत. एका बाजूची आख्खी रांग एकाच दिशेला गेली असेल तर पलीकडे शेजाऱ्यानं भर टाकली आहे का, पाणी तुंबतंय का, तेही प्रामाणिकपणे पाहा. तसं असेल तर सगळा दोष ठेकेदारावर ढकलता येणार नाही आणि पुढे ग्राहक आयोगासमोर तो मुद्दा तुमच्यावरच उलटेल.

गंजाच्या बाबतीतही घाई नको. नव्या जाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती जस्ताची असते. ओल्या जागी गुंडाळून ठेवलेल्या मालावर ती येते आणि नुसती तेवढ्यानं जाळी वाया जात नाही. कापलेल्या टोकांवर तांबूस डाग येणंही साहजिक आहे. पण तारेच्या मधोमध, सगळीकडे, एकाच पावसाळ्यात लालसर गंज चढला, तर जस्ताचा थर पातळ आहे असं समजायला जागा आहे. चेनलिंक जाळीसाठी आयएस 2721 आणि काटेरी तारेसाठी आयएस 278 ही भारतीय मानकं आहेत. कोटेशनमध्ये त्यांचा उल्लेख असेल तर तक्रारीतही तो आकडा घाला. अँगल जमिनीलगत किंवा वेल्डिंगच्या सांध्यावर गंजला असेल तर तो जाळीचा दोष नाही, रंगाआधीचा प्रायमर न मारल्याचा आहे. या दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहा.

एक सबब नागपुरात हमखास ऐकू येते: ‘इथल्या उन्हानं जाळी सैल होते.’ हिशोब करून पाहा. लोखंड एका मीटरमागे, एका अंशाला, सुमारे 0.012 मिलिमीटर वाढतं. दोन खांबांत दहा फूट अंतर आणि हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत तारेच्या तापमानात 40 अंशांचा फरक धरला, तरी वाढ दीड मिलिमीटरच्या आतच राहते. तेवढ्यानं हातभर पोट येत नाही. ते येतं वर-मधे-खाली ताणाची तार न ओढल्यामुळे. उन्हाचा खरा मार प्लास्टिकच्या हलक्या आवरणाला बसतो. ते तडकलं, त्याचे पापुद्रे निघाले तर तो मालाचा दोष म्हणून नोंदवा.

दुकानदाराकडे धाव घेणं

‘जाळी लोहाओळीतून आणली, दुकानवाल्याला विचारा,’ असं ठेकेदार म्हणेल. जाऊ नका. माल आणि मजुरी दोन्ही त्यानं घेतली असेल, तुम्ही पैसे त्यालाच दिले असतील, तर जाळीसाठीही तुम्हाला तोच जबाबदार आणि बसवण्यासाठीही तोच. दुकानदाराकडून त्यानं काय वसूल करायचं ते तो पाहील. जाळी तुम्ही स्वतः आणून फक्त मजुरी दिली असेल तर गोष्ट वेगळी. मग दोष मालाचा की बसवण्याचा, हे आधी वेगळं काढावं लागेल.

सगळं तोंडी ठेवणं

फोनवर कितीही कडक बोललात तरी त्याची नोंद राहत नाही. सभ्य, छोटा, तारखेचा मेसेज टाका. उदाहरणार्थ: ‘भाऊ, तुम्ही एप्रिलमध्ये बसवलेल्या कुंपणाचे पूर्व बाजूचे सहा खांब कलले आहेत. कोटेशनमध्ये 10 गेज जाळी आहे, बसवलेली तार 2.6 मिमी भरते. फोटो जोडले आहेत. येत्या 15 दिवसांत पाहणी करून दुरुस्ती कशी करणार ते लिहून कळवा. तोवर कुणीही मसाला किंवा रंग लावू नये.’ शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर आलं नाही तर हाच मजकूर पत्राच्या रूपात स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा. फोटो आणि संभाषण ज्या फोनमध्ये आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका.

पक्कं बिल नाही म्हणून लोक गप्प बसतात. बसू नका. यूपीआयच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट, कोटेशनचा कागद, कामाच्या वेळचे फोटो हेही पुरावे आहेत. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथाच मानली जाते.

पैशांबाबत थोडक्यात. काम सुरू व्हायचं असेल तर दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायची, हे कोटेशनवरच लिहून घ्या. रक्कम बाकी असेल तर का थांबवली ते लेखी कळवा, नाहीतर तुम्हीच पैसे बुडवणारे ठरता.

दोन वर्षं निघून जाऊ देणं

‘यंदा पावसानंतर करतो, उन्हाळ्यात करतो’ यात मुदत संपते. ग्राहक आयोगात तक्रार, कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर आयोग माफी देऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा आयोग. नागपूरचा आयोग सिव्हिल लाईन्समधल्या प्रशासकीय इमारतीत आहे आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात जाता येतं. जाळी प्रयोगशाळेत तपासायची वेळ आली तर ती फी मात्र आधी तक्रारदाराला भरावी लागते. म्हणूनच घरची मोजमापं नीट हवीत. बरेच ठेकेदार ती पाहूनच तडजोडीला तयार होतात.

एक अडचण आधीच तपासा. कुंपण लग्नाच्या लॉनला किंवा भाड्यानं द्यायच्या फार्महाऊसला घातलं असेल, तर ‘हा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येतो. अशा वेळी वकिलाचा सल्ला घेऊनच पाऊल टाका.

तडजोडीच्या दिवशीची घाई

ठेकेदार पुन्हा काम करायला तयार झाला की आनंदाच्या भरात ‘काम समाधानकारक’ या कागदावर सही होते, तीही काम सुरू व्हायच्या आधी. आधी नवा कागद करा: किती खांब निघणार, खड्डा किती खोल, तार किती गेजची, कोपऱ्यांना टेके, काँक्रीटला सात दिवस पाणी कोण मारणार, काम कोणत्या तारखेला संपणार. खड्डे तयार झाले की मसाला पडण्याआधी प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून फोटो घ्या. काँक्रीटचा माथा जमिनीच्या किंचित वर आणि बाहेर उतरता ठेवायला सांगा, म्हणजे अँगलच्या बुडाशी पाणी साचणार नाही. जुनी जाळी भंगारात नेऊ देण्याआधी तिचा दोन-तीन फुटांचा तुकडा कापून तारखेची चिठ्ठी लावून ठेवा. सही सगळं बसवून, ओळंबा लावून पाहिल्यावरच करायची आणि त्याच कागदावर पुढच्या पावसाळ्यापर्यंतची हमी लिहून घ्यायची.