जुना टीव्ही दुरुस्त करताय? आधी पडदा वाचा, या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांच्या काळचा लाकडी शटरचा टीव्ही खाली उतरतो. फडक्यानं धूळ पुसली जाते आणि "बघू तरी चालतोय का" म्हणत कुणीतरी सरळ पिन लावतं. बरेच सेट इथंच मरतात. ईसी, टेलिव्हिस्टा, क्राउन, डायनोरा असे कृष्णधवल सेट कोल्हापुरात अजून कितीतरी घरांत आहेत आणि त्यातले बरेच वाचण्यासारखे आहेत. फक्त स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी पडदा काय सांगतोय ते बघायची सवय लावून घ्या.

थेट 230 व्होल्ट देऊ नका

वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या सेटमधल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आतला इन्सुलेशनचा थर कमकुवत झालेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की ते तापतात, फुगतात, कधी फुटतातही. म्हणून सेट सिरीज बल्बवर लावा, म्हणजे सेटच्या वायरीत मधे बल्ब जोडून करंट त्यातूनच सेटकडे जाऊ द्या. बल्ब 100 वॉटचा, जुना तारेचाच हवा. एलईडी बल्ब इथं कामाचा नाही. सुरुवातीला बल्ब भपकन पेटून मंद झाला, तर बहुधा शॉर्ट नाही. पूर्ण उजेडानं पेटूनच राहिला, तर लगेच बंद करा. सप्लायमध्ये किंवा पुढं कुठंतरी शॉर्ट आहे. रंगीत सेटला हीच परीक्षा लावताना जरा सांभाळून, कारण त्याची डीगॉसिंग कॉइल (पडद्यावरचं चुंबकत्व घालवणारी गुंडाळी) सुरू होताना जास्त करंट ओढते आणि बल्ब क्षणभर फसवतो.

2019 किंवा 2021 च्या महापुरात पाणी शिरलेला सेट असेल, तर बल्बचीही घाई नको. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत गाळ आणि ओल अडकून बसते. आधी उघडून, धुऊन, उन्हात नीट वाळवायला लागतो.

मुंग्या म्हणजे बिघाड नव्हे

सेट लागला, पडदाभर मुंग्या आल्या आणि खरखर ऐकू आली, की लोक म्हणतात "गेला". माझ्या दृष्टीनं ही सगळ्यांत चांगली बातमी आहे. पिक्चर ट्यूब उजळली, ईएचटी (ट्यूबला लागणारं हजारो व्होल्टचं व्होल्टेज) आहे, चित्र आडवं-उभं पसरवणारी सर्किटं चालू आहेत, आवाजाचा भाग जिवंत आहे. नाही तो फक्त सिग्नल. दूरदर्शननं अँटेनावर येणारं ॲनालॉग प्रसारण जवळजवळ सगळीकडे बंद केलंय, त्यामुळे गच्चीवरचा अँटेना कितीही फिरवला तरी काही दिसणार नाही.

यावर उपाय आरएफ मॉड्युलेटरचा, म्हणजे चित्र-आवाज अँटेनाच्या सिग्नलसारखा करून देणाऱ्या डबीचा. सेटटॉप बॉक्सच्या पिवळ्या आणि पांढऱ्या पिना त्यात, आणि त्याची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी. टीव्हीला चपटी 300 ओहमची वायर लागत असेल, तर मधे बॅलन (दोन प्रकारच्या वायरी जुळवणारा छोटा जोड) बसवा. इथं दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, मॉड्युलेटर अमेरिकी पद्धतीचा घेतला जातो. त्यात आवाज चित्रापासून 4.5 मेगाहर्ट्झवर असतो, आपल्या सेटला तो 5.5 वर हवा असतो. म्हणजे चित्र येतं, आवाज येत नाही, आणि बिचाऱ्या चांगल्या स्पीकरला लोक उघडतात. पाल बीजी (आपल्याकडची पद्धत) लिहिलेला आणि व्हीएचएफ चॅनेलवर चालणाराच घ्या. नुसत्या यूएचएफचा असला तर जुन्या ट्यूनरला तो सापडतच नाही. दुसरी, डीव्हीडी प्लेअर एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला असतो. तो सेकंदाला 60 फील्ड (अर्धी-अर्धी चित्रं) पाठवतो, सेट 50 ची वाट बघतो, आणि चित्र पळायला लागतं. प्लेअरचं सेटिंग बदला, सेटला हात लावू नका.

मागची बटणं एकामागून एक पिळू नका

मागच्या बाजूला व्हर्टिकल होल्ड, हॉरिझॉन्टल होल्ड, हाइट, लिनिअरिटी अशी बटणं असतात. चित्र बिघडलं की चारही फिरवली जातात आणि मग मूळ दोष कुठला नि आपण केलेला कुठला हे कळत नाही. आधी प्रत्येकाची जागा पेन्सिलनं खूण करा किंवा फोटो काढा.

चित्र वर-खाली पळतंय? फक्त व्हर्टिकल होल्ड. एका बाजूला फिरवत चित्र सुटेपर्यंत जा, मग दुसऱ्या बाजूला सुटेपर्यंत, आणि मधोमध ठेवा. बटण अगदी टोकाला नेल्यावरच चित्र थांबत असेल, तर दोष बटणाचा नाही. आतला कंडेन्सर किंवा रेझिस्टर म्हातारा झालाय. थंड असताना ठीक आणि अर्ध्या तासानं पळायला लागत असेल, तरीही तेच.

चित्र फाटून तिरके काळे पट्टे दिसत असतील, तर हॉरिझॉन्टल होल्ड. हे पट्टे मोजा. आपल्या पद्धतीत सेकंदाला 15,625 आडव्या रेषा काढल्या जातात आणि एक पट्टा म्हणजे त्यात 50 चा फरक. पाच पट्टे असतील, तर सेट साधारण 250 नं चुकतोय. बटण हळू फिरवत गेलं की पट्टे एकेक करून कमी होतात आणि चित्र खटकन जागेवर बसतं. ते बघायला मला आजही आवडतं.

चित्र पळतंय आणि फाटतंय, दोन्ही एकदम? मग दोन्ही होल्डला निर्दोष समजा. सिग्नल कमजोर आहे, कॉन्ट्रास्ट चुकलाय, नाहीतर सिंक (चित्र जागेवर धरणारा इशारा) वेगळा करणारं सर्किट गेलंय.

पडद्याच्या मधोमध एकच लख्ख आडवी रेघ आली, तर विचार करत बसू नका. ब्राइटनेस कमी करा आणि सेट बंद करा. व्हर्टिकल भाग बंद पडलाय आणि ती रेघ फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा लेप) कायमचा जाळते.

आयएफ कॉइलच्या (ट्यूनरनंतरच्या सिग्नलच्या गुंडाळ्यांच्या) आतले फेराइटचे स्क्रू तर अजिबात फिरवू नका. कारखान्यात मेणानं बंद केलेले असतात ते, आणि लोखंडी स्क्रू ड्रायव्हरनं चटकन फुटतात.

थापड मारून चालतो म्हणून थापडच मारत राहू नका

थापडेनं चित्र येतं याचा अर्थ आत ड्राय सोल्डर (सैल झालेला, भेग पडलेला सोल्डरचा जोड) आहे. प्रत्येक थापडेनं ती भेग वाढते. लाकडी काडीनं सर्किटच्या प्लेटवर हलकं टकटक करून जागा शोधा, मग सेट बंद करून तिथं पुन्हा सोल्डर मारा. बटण फिरवताना होणारी खरखर मात्र बहुतेक वेळा नुसत्या कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते.

जिवावर बेतणाऱ्या चुका

अनेक सेटांची चेसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेनशी जोडलेली असते. पिन उलटी लागली तर पूर्ण चेसिसमध्ये फेज येतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेनपासून वेगळं ठेवणारा) नसेल, तर चालू सेटमध्ये हात घालू नका. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात, 20 इंची कृष्णधवल सेटला साधारण 15,000 च्या पुढं, आणि पिन काढल्यावरही चार्ज टिकून राहतो. तो काढताना वायर ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपावरच्या जाळीदार वायरला जोडतात, प्लेटवर कुठंही नाही; नाहीतर ट्रान्झिस्टर उडतात. हे काम स्वतः पहिल्यांदा करायला जाऊ नका. ज्यानं आयुष्यभर हेच केलंय अशा एखाद्या जुन्या मेकॅनिकला शेजारी बसवा.

जुलैतल्या कोल्हापुरी दमट हवेत ईएचटीच्या रबरी टोपीजवळ चर्र आवाज आणि निळी ठिणगी दिसते. तिथं चिकटलेली धूळ ओल धरते. चार्ज काढून मऊ ब्रशनं साफ करा, पूर्ण वाळू द्या.

कंडेन्सर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि 105 अंश तापमान सोसणारा घ्या. लाइन आउटपुटजवळचा (चित्र आडवं पसरवणाऱ्या भागाजवळचा) 1,600 व्होल्टचा कंडेन्सर मात्र अगदी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा हवा; कमीचा टाकला तर ईएचटी धोकादायक चढते. तुटलेलं चॅनेलचं बटण कुठंच मिळालं नाही, तर जुनं घेऊन कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात जा आणि लेथवर नायलॉनमधून तसंच करून घ्या. दांड्याची चपटी बाजू दाखवायला विसरू नका, नाहीतर बटण नुसतंच फिरतं.