वाकणाऱ्या सांध्यावर टिकणारी पट्टी : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वैद्यकीय चिकटपट्ट्या विकसित करणाऱ्या विभागात रुजू होणाऱ्या बहुतेक नवोदितांची पहिली सूचना ठरलेली असते : पट्टी गुडघ्यावरून सुटते, तर चिकटद्रव्य अधिक जोरकस घ्यावे. वस्त्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी या कामात आलो तेव्हापासून ही सूचना ऐकत आलो आहे आणि ती का अपुरी पडते, हे समजावून सांगण्यातच माझा बराच वेळ जातो. चिकटद्रव्याचा जोर वाढवला, तर पट्टी काढताना रुग्णाच्या त्वचेचा वरचा थर सोलून निघण्याचा धोका वाढतो. वृद्धांच्या पातळ त्वचेवर तर ही जखम मूळ जखमेपेक्षा त्रासदायक ठरू शकते.

खरा प्रश्न ताणाचा आहे. पाय सरळ ठेवून गुडघ्याच्या वाटीवर उभ्या दिशेने 5 सेंटिमीटर अंतरावर पेनाने दोन ठिपके काढावेत, मग उकिडवे बसून तेच अंतर दोरा त्वचेवर टेकवून मोजावे. (पृष्ठभाग वक्र असल्यामुळे ताठ मोजपट्टी येथे उपयोगाची नाही.) अंतर डोळ्यांना सहज दिसेल इतके वाढलेले असते. आडव्या दिशेने ठिपके काढून पाहिल्यास वाढ बरीच कमी आढळते. म्हणजे पट्टीखालची त्वचा दर पावलाला ताणली जाते, तीही सर्व दिशांना सारखी नाही, आणि पट्टीला तिच्याबरोबर जाता आले नाही तर त्या ओढाताणीचा सगळा भार कडेवर येतो. पट्टी नेहमी कडेपासूनच सुटू लागते, ती यामुळेच.

ही ओढाताण किती, हे साध्या हिशेबाने कळते. ताणलेल्या पट्टीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमध्ये साठलेली ऊर्जा तिच्या जाडीच्या आणि ताठपणाच्या प्रमाणात वाढते, पण ताणाच्या, म्हणजे ती मूळ लांबीच्या किती पट ताणली गेली त्याच्या, मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. जाडी निम्मी केली तर ही ऊर्जा निम्मी होते. ताण दुप्पट झाला तर ती चौपट होते. कड सोलण्याचे काम हीच ऊर्जा करते. म्हणूनच अवघ्या 25 ते 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकची पारदर्शक फिल्म तुलनेने सौम्य चिकटद्रव्यावरही टिकून राहते आणि जाड, ताठ कापडी पट्टी जोरकस चिकटद्रव्य असूनही उचलली जाते. कोपरे गोल कापण्यामागचे कारणही हेच : टोकदार कोपरा आधी उचलला जातो आणि कपड्यात अडकतो.

पदार्थ न बदलता पट्टी मऊ करण्याचा एक मार्ग म्हणजे तिला चिरा देणे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये संशोधक रुइके झाओ, श्वानहे झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरिगामी या जपानी कागदकापणीच्या धर्तीवर पातळ फिल्ममध्ये ओळीने चिरा पाडल्या आणि ते काम 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. चिरा नसलेली फिल्म गुडघा एकदा वाकताच सुटली, तर चिरा असलेली 100 वेळा वाकवूनही चिकटून राहिली. ताण येताच चिरा उघडतात, तिथली फिल्म थोडीशी सुटते, पण ते सुटणे तिथेच थांबते आणि उरलेला भाग धरून राहतो. मला या कामातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते : थोडे सुटू देणे हा येथे रचनेचाच भाग आहे.

बोटाच्या पेरासाठी याची घरगुती आवृत्ती कोणालाही करून पाहता येते. साध्या पट्टीची दोन्ही टोके मधल्या गादीपर्यंत लांबीच्या दिशेने कापावीत आणि तयार झालेल्या चार शेपट्या तिरक्या, एकमेकींवरून चिकटवाव्यात. सांध्याचा मध्य मोकळा राहतो आणि बोट मिटताना शेपट्या कात्रीच्या पात्यांप्रमाणे कोन बदलतात.

लवचीक कापडाचा मोह मात्र जपून धरावा. ताणून लावलेली लवचीक पट्टी मूळ लांबीवर परत येऊ पाहते आणि सतत त्वचेला खेचते. शस्त्रक्रियेनंतर सूज वाढली की कडेला फोड येतात. अनुभवी परिचारिका गुडघा किंचित वाकवून, पट्टी अजिबात न ताणता लावतात. त्यांचे हात पाहण्यासाठी परवानगी घेऊन एखाद्या अस्थिरोग विभागात दिवसभर उभे राहावे. प्रयोगशाळेत न दिसणाऱ्या अनेक गोष्टी तिथे दिसतात.

प्रयोगशाळेबद्दलही सावध राहावे. वस्त्रोद्योगातून येणाऱ्यांना कापडाच्या चाचण्यांसाठी 27 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेची सवय असते; चिकटपट्ट्यांच्या चाचण्या सहसा 23 अंश आणि 50 टक्क्यांवर, पोलादी पत्र्यावर होतात. पत्र्याला ना घाम येतो, ना केस असतात, ना तो वाकतो. त्यामुळे सोलण्याच्या चाचणीचा, म्हणजे पत्र्यावरून पट्टी सोलायला किती जोर लागतो त्याचा, आकडा पट्टीच्या दोन रोलची आपसांत तुलना करण्यापुरता विश्वसनीय मानावा. शिवाय आपल्याकडे माणसे मांडी घालतात, उकिडवी बसतात. गुडघा 90 अंशांत वाकवून थांबणारी चाचणी त्यांच्यासाठी पुरेशी नाही. घामाची वाफ बाहेर जाण्याचा वेगही तपासावाच, कारण मुंबईच्या जूनमध्ये पट्टी अनेकदा आतून ओली होऊन सुटते.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत : वस्त्र, पॉलिमर, जैववैद्यकीय अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र. इचलकरंजीची डीकेटीई आणि मुंबईतील व्हीजेटीआय ही अभियांत्रिकी महाविद्यालये, आयआयटी मुंबईतील वैद्यकीय उपकरणांचे बेटिक केंद्र आणि कोइम्बतूरची सिट्रा ही वस्त्र संशोधन संस्था ही ठिकाणे चौकशीस योग्य आहेत. मुलाखतीपूर्वी वैद्यकीय उपकरण नियम, 2017 मधील ए ते डी हे धोक्यानुसारचे चार वर्ग, वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थापनाचे आयएसओ 13485 हे मानक आणि जैवसुसंगततेसाठीचे (पदार्थ शरीराला अपाय करत नाही ना, हे तपासण्याचे) आयएसओ 10993 यांची तोंडओळख करून घ्यावी. स्वतःच्या गुडघ्यावर ठिपके काढायला कोणाची हरकत नसते; पण प्रायोगिक पट्टी स्वयंसेवकांवर लावून चाचणी घ्यायची असेल, तर नैतिकता समितीची मान्यता आधी लागते आणि तिच्यासाठी प्रकल्पाच्या वेळापत्रकात सुरुवातीपासूनच जागा ठेवावी लागते.