कोळंबी तलावाचं अनुदान: आधी कागद, मग जेसीबी

खाजणात कोळंबीचा तलाव करायचा आणि सरकारी मदतही घ्यायची, तर जेसीबी सर्वांत शेवटी बोलवा. अनुदान बहुतेक वेळा काम झाल्यावर, पाहणीनंतर मिळतं. मंजुरीआधी घातलेले बांध त्यात धरून घेणं जिकिरीचं होतं.

सुरुवात जागेपासून. सातबारा, गावनकाशा आणि सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशा ताडून पाहा. कांदळवन असेल तर ती जागा सोडाच.

खाडी किंवा समुद्राच्या भरतीरेषेपासून २ किलोमीटरच्या आत शेती असेल, तर २००५च्या कायद्यानुसार चेन्नईच्या तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून सुरुवात करा. व्हनामी ही कोळंबीची जात वाढवायची असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. आराखड्यात पाणी साठवणीचा आणि सांडपाणी निवळवण्याचा तलाव दाखवायला विसरू नका. यांच्याविना व्हनामीचा अर्ज अडतो. म्हणजे १ हेक्टर जमिनीत १ हेक्टर जलक्षेत्र कधीच बसत नाही, आणि अनुदानाचा हिशेब जलक्षेत्रावर होतो.

आता पैसे. २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत निमखाऱ्या तलावाच्या बांधकामाला हेक्टरी ८ लाख आणि बीज-खाद्य वगैरे निविष्ठांना ६ लाख खर्च धरला आहे. त्यावर अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. १४ लाखांवर ही मदत अनुक्रमे ५.६० आणि ८.४० लाख होते. उरलेली रक्कम आणि अनुदान येईपर्यंतचा खर्च तुमच्याच खिशातून, म्हणून बँकेशी आधीच बोला. यंदाचा निधी खुला आहे का, तेही कार्यालयात विचारा. सगळी बिलं पक्की, पैसे बँकेतूनच. रोखीची चिठ्ठी तपासणीत टिकत नाही.

बीज नोंदणीकृत हॅचरीचंच (बीजकेंद्राचंच) घ्या, पावती जपा. व्हनामीची मर्यादा चौरस मीटरला ६० पिल्लांची, म्हणजे हेक्टरी ६ लाख. पहिल्या पिकाला चौरस मीटरला २५ ते ३० पुरे. सोडण्याआधी पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूची आणि ईएचपी या सूक्ष्म परजीवीची पीसीआर चाचणी करा. ईएचपीवर खात्रीचं औषध नाही. कोळंबी सहसा मरत नाही, नुसती वाढ खुंटते, आणि खाद्याचा खर्च मात्र चालूच राहतो.

निर्यातदाराला माल द्यायचा तर एम्पेडाकडे (सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडे) शेतीची नोंद करा. युरोपसाठी काढणीपूर्व चाचणीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या प्रतिजैविकांचे अंश शोधतात. दुकानदाराने दिलेली बिननावाची पुडी तलावात टाकली, तर माल इथेच अडतो.

विम्यासाठी राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंद हवी. मत्स्यकिसान समृद्धी सह-योजनेत हप्त्याच्या ४० टक्के रक्कम एकदाच परत मिळते: हेक्टरी कमाल २५ हजार, एकूण १ लाख. विमा बीज सोडतानाच उतरवा. मर सुरू झाल्यावर कंपनी दारात उभं करत नाही.