गावाचं ठिकाण आणि लोकसंख्या लिहायची तर

देवस्थानच्या स्मरणिकेत, गावाच्या फलकावर किंवा इंटरनेटवर दोन गोष्टी हमखास लागतात: गाव कुठे आहे आणि माणसं किती. कोकणात चुका नेमक्या इथेच होतात, कारण कुणी वाडीला गाव म्हणतं, कुणी पंचायतीला.

म्हणून आधी सातबारा बघा. त्यावर छापलेलं ते महसुली गाव, आणि जनगणनेचा आकडा त्याचाच असतो. वाडीचा वेगळा मिळत नाही. ग्रुप ग्रामपंचायत असेल तर तिच्यात अनेक महसुली गावं येतात, तिची बेरीज एकट्या गावावर चढवू नका. नावातलं बुद्रुक, खुर्द किंवा तर्फ गाळलं की शेजारच्याच गावाचा आकडा उचलला जातो. पुढे तालुका, जिल्हा.

ठिकाणासाठी फोनच्या नकाशात ग्रामदेवतेच्या देवळावर बोट दाबून धरा, आकडे येतील. देऊळ गावाच्या टोकाला असेल तर मराठी शाळा घ्या. एसटीचा फाटा मात्र नको, तो गावापासून कोसभर लांबही असतो. अक्षांश आधी, रेखांश नंतर. रत्नागिरी जिल्ह्यात अक्षांश 17 च्या आसपास, रेखांश 73 च्या. उलटे लिहिलेत तर गाव नॉर्वेच्या वरच्या समुद्रात जाऊन पडेल. दशांशानंतर चार अंक पुरे, तेवढ्याने साधारण 11 मीटरपर्यंत नेमकेपणा येतो. 17 अंश 30 मिनिटं म्हणजे 17.30 नव्हे, 17.5. ही एक चूक गावाला 22 किलोमीटर दक्षिणेला नेते.

अंतर लिहिताना ते रस्त्याचं की सरळ रेषेचं, हे सांगाच. मध्ये खाडी असली की दोन्हींत फार फरक पडतो. दाभोळहून समोर धोपावे दिसतं, पण फेरीबोट सोडून गाडीरस्त्याने जाऊन बघा.

लोकसंख्येसाठी 2011 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडा. 2021 ची जनगणना झालीच नाही. तालुका शोधा, त्यात गाव, आणि घरं, एकूण, पुरुष, स्त्रिया हे चारही आकडे उतरवून घ्या. पुरुष अधिक स्त्रिया म्हणजे एकूण, हे जुळवून बघा. 0 ते 6 वयाची मुलं एकूणात धरलेलीच असतात, पुन्हा मिळवू नका. आकड्याशेजारी वर्ष हवंच.

मग गावात कुणीतरी म्हणणारच, 'एवढेच कसे? आमच्या वाडीतच तेवढे आहेत.' 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. तेव्हा ना गणपती, ना शिमगा. चाकरमानी मुंबईत होते आणि तिथेच मोजले गेले. रत्नागिरी जिल्हा 2001 मध्ये 16,96,777 होता, 2011 मध्ये 16,15,069 वर आला. सिंधुदुर्गही घटला. तेव्हा गावाचा आकडा उतरलेला दिसला तर तो छपाईचा दोष समजून 'दुरुस्त' करू नका. मतदारयादीत 18 वर्षांखालचं कुणी नसतं, रेशनकार्डावर मुंबईकरांचीही नावं राहिलेली असतात. त्यामुळे हे दोन्ही आकडे लोकसंख्या म्हणून चालत नाहीत. अंगणवाडीच्या सर्वेक्षणाचा आकडा ताजा असतो. तो द्यायचा तर निराळ्या ओळीत, तारखेसकट द्या.