एवढं शिकून लेंड्या मोजतीस?

पहिल्या वर्षी डिसेंबरात धारूरच्या डोंगरातून एस.टी.नं अंबाजोगाईला परतत होते. मांडीवर पिशवी, पिशवीत कागदी पाकिटं, प्रत्येक पाकिटावर तारीख आणि जागा लिहिलेली. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय नेऊ लालीस गं? प्रसाद का?" मी खरं ते सांगून टाकलं, कोल्ह्याची विष्ठा. मावशींनी पदर नाकाला लावला आणि गच्च भरलेल्या गाडीत त्या उतरेपर्यंत उभ्या राहिल्या.

माझं काम म्हणजे बीजप्रसाराचा अभ्यास. कोणता प्राणी कोणतं फळ खातो, बी कुठं टाकतो आणि त्या बीचं पुढं काय होतं, एवढंच. आपल्याकडची मुलं-मुली फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, ताडोब्यात काम कसं मिळेल?" मी उलट विचारते, तुमच्या गावाच्या गायरानात कोल्हा आहे का? बांधावर बोरी आहेत का? मग ताडोबा राहू द्या थोडे दिवस.

मराठवाड्यात जंगल कमी, हे खरंच आहे. लातूर जिल्ह्यात तर ते एक टक्काही नाही. गौताळा, येडशीचं रामलिंग घाट, नायगावचं मयूर अभयारण्य, किनवटकडचा सागाचा पट्टा आणि पैनगंगा अशी नावं घेतली की यादी जवळजवळ संपते. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून निघालेला वाघ थेट येडशीच्या जंगलात कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा महिनाभर मला सगळ्यांनी वाघाबद्दलच विचारलं. पण आपल्या माळावरची झाडं कोण लावतं, याचं उत्तर वाघापाशी नाही. ते कोल्हा, खोकड, उदमांजर, बुलबुल, साळुंकी, वटवाघूळ आणि शेळी यांच्यापाशी आहे. शेळीचं नाव वाचून हसू नका, तिच्याकडे येतेच.

संक्रांतीच्या सुगडात घालायला आपण बोरं आणतो, त्याच दिवसांत कोल्ह्याची विष्ठा बोरांच्या आठोळ्यांनी भरलेली असते. मांस खाणारा म्हणून ओळखला जाणारा प्राणी दोन-तीन महिने चक्क फळांवर असतो. तो विष्ठा टाकतो ती वाटेच्या कडेला, दगडावर, बांधावर, म्हणजे मूळ बोरीपासून लांब. हे लांब जाणं महत्त्वाचं का, ते डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये वेगवेगळं मांडलं. झाडाखाली बियांचा खच पडतो, म्हणून बिया खाणारे किडे-उंदीरही तिथंच गोळा होतात. रोपाचा रोगही तिथं लवकर पसरतो. लांब पडलेल्या बीला जगायची संधी जास्त. सगळ्याच झाडांना हे सारखं लागू पडत नाही. तुमच्या झाडाला ते लागू आहे का, हाच मुळी एक चांगला प्रबंध होऊ शकतो.

आता माझ्या चुका सांगते, कारण पुस्तकात त्या नसतात.

पहिल्या हंगामात गोळा केलेल्या नमुन्यांपैकी बरेच फेकावे लागले. गावकुत्रीही बोरं खातात! कोल्ह्याची आणि कुत्र्याची विष्ठा नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड असतं. आकार, जागा, ठसे, आतले केस असं सगळं जुळवावं लागतं, आणि खात्रीच हवी असेल तर डीएनए तपासणी, तिला पैसे लागतात. तेव्हापासून शंका असलेल्या पाकिटावर मी मोठं प्रश्नचिन्ह काढते आणि ते हिशोबात धरत नाही.

दुसरी चूक महागात पडली. कोल्ह्याच्या पोटातून आलेल्या बिया एका वाफ्यात आणि अख्खी फळं दुसऱ्या वाफ्यात लावली. पहिल्या वाफ्यात रोपं जास्त आली, मी खूश. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: "गर हातानं काढलेल्या बिया कुठं आहेत?" नव्हत्याच. उगवण वाढली ती पोटातल्या रसांमुळं की नुसता गर निघाल्यामुळं, हे सांगायला तिसरा वाफा लागतो. बऱ्याचदा गर निघणंच मोठं काम करून जातं. एक अख्खा हंगाम वाया गेला. बोरं पुन्हा पिकायला वर्ष लागतं, त्याला कुणाचा इलाज नाही.

तिसरी चूक कागदाची. वनखात्याच्या हद्दीत पाऊल टाकण्याआधी लेखी परवानगी हवी. अभयारण्यात शिरून अभ्यास करायचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली परवाना लागतो. मी अर्ज दिवाळीनंतर केला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत फेब्रुवारी उजाडला, बोरं झडून गेली. तुम्ही पावसाळ्यातच अर्ज करा. आणि तोवर रिकामं बसू नका, गावाच्या लोकांना विचारून गायरानात, आपल्या-परक्या शेतांच्या बांधांवर फळं कधी धरतात आणि कधी पिकतात याची दर महिन्याची नोंद सुरू करा. ती नोंद पुढं सोन्यासारखी उपयोगी पडते.

बोरांच्या दिवसांत बीडच्या डोंगरात आणखी एक अडचण येते. ज्यांना डोंगराचा खडा न् खडा माहीत, ती माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. वाटाड्या मिळत नाही. मला मिळाले ते एक मेंढपाळ आबा, आणि या सगळ्या प्रवासातला सगळ्यात मोठा धडा त्यांनीच दिला.

उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पिकतात. शेळ्या-मेंढ्या त्या अधाशासारख्या खातात. मी लेंड्या फोडून बिया मोजत बसले होते. आबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "लेंड्यांत काय हुडकू लालीस? निम्म्या बिया तर रातच्याला रवंथ करताना थुकत्यात. सकाळी वाड्यात बघ की." सकाळी मेंढरं बसायचा वाडा झाडला तर खरंच, ओंजळभर स्वच्छ बिया. नंतर वाचलं तेव्हा कळलं की शेळ्यांच्या वाड्यातलं बाभळीचं बी पेरायला चांगलं, हे जुन्या वनाधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं. बाभळीच्या बीचं कवच कडक असतं, पाणी आत शिरत नाही. पोटात ते मऊ पडतं. शिवाय शेंगा जमिनीवर पडून राहिल्या तर भुंगेरे बिया पोखरतात, शेळीनं लवकर खाल्ल्या तर त्यातल्या काही वाचतात. आणि आबांची मेंढरं खतासाठी आज या शेतात बसतात, उद्या त्या शेतात. बाभळीला याहून चांगली बैलगाडी कुठली मिळणार?

पण याच गाडीत वेडी बाभूळही बसते. परदेशातून आलेलं हे झाड गायरानंच्या गायरानं खाऊन बसलंय, आणि त्यात शेळ्या, गुरं, रोही (नीलगायी) सगळ्यांचा हात आहे. सीताफळही मूळचं अमेरिकेकडचं. आज बालाघाटाचा डोंगर त्याचाच वाटतो, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून "प्राणी जंगल वाढवतात" असं सरळ वाक्य प्रबंधात लिहू नका. प्राणी फळ खातात. जंगल वाढतं की गायरान जातं, हे बघणं आपलं काम.

उपकरणांचं फार दडपण घेऊ नका. कागदी पाकिटं (प्लास्टिक नको, बुरशी येते), बारीक जाळीची चाळणी, चिमटा, वही, आणि जागा टिपायला मोबाइल. मात्र हातमोजे आणि मास्क विसरायचे नाहीत. कोल्ह्या-कुत्र्यांच्या विष्ठेत फीतकृमीची अंडी असू शकतात, ती पोटात गेली तर यकृतात गाठी होतात. उन्हात वाळवलं म्हणजे भागलं असं समजू नका. दगड उलटताना आधी काठी, मग हात. आपल्या माळावर फुरसं कमी नाहीत. मुलींनो, एकटं जायचं नाही, आणि गावात शिरल्यावर आधी पोलीस पाटलांना भेटायचं. त्यानं निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. केली तरी काही बिघडत नाही, मी तेच केलं. पुढं डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतला वन्यजीव अभ्यासक्रम. दुसऱ्यात दोन वर्षांतून एकदाच प्रवेश होतात, तेव्हा तारीख हुकवू नका. नाही जमलं तर आपल्याच विद्यापीठातून एम.एस्सी. करून नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. ते वेळेवर येतीलच असं नाही, म्हणून पहिल्या वर्षी घरभाड्याची सोय आधी बघून ठेवा. संख्याशास्त्राला मी घाबरायचे. आर नावाची फुकट संगणकप्रणाली आहे, ती बी.एस्सी.लाच शिकायला घ्या. आणि इंग्रजीचं म्हणाल तर पहिला शोधनिबंध वाचायला मला आठ दिवस लागले होते, शब्दकोश मांडीवर घेऊन.

राहिले घरचे. "एवढं शिकून लेंड्या मोजतीस?" हे आईचं वाक्य. पाव्हण्यांसमोर ती मी "जंगलात ऑफिसर" आहे असं सांगायची, मीही खोडून काढायचे नाही. वडील काहीच बोलायचे नाहीत. एकदा सुट्टीत आमच्याच विहिरीच्या कठड्यावर मला उदमांजराची विष्ठा दिसली, नुसत्या शिंदीच्या बिया, गर नावालाही नाही. तिथंच उकिडवं बसून मी त्यांना ती दाखवली. ओढ्याकाठी नवी शिंदी कुठून येते, ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मोटर चालू करायला गेले.

यंदा जूनमध्ये सकाळी सहाला त्यांचा फोन आला. "कठड्यावर आलंय बघ. शिंदीच्याच बिया हायत. कोंबड्या उकरतील म्हणून टोपल्याखाली झाकून ठेवलंय. कधी येतीस?"